कृष्णाकाठी ऐंशी पानं

आमचं मूळ घर वाईचं. आजी-आजोबांची मुलं, त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं असं करत आजघडीला माणसं ऐंशीच्या घरात गेली आहेत. निम्मी पुण्या-मुंबईत, काही बेळगावात, एक बिऱ्हाड इंदूरला, एक न्यू जर्सीत. भेटी होतात त्या लग्नकार्यात, नाहीतर कुणाच्या दिवसांना. लग्नात बोलायला सवड नसते आणि दिवसांना बोलायचं मन नसतं. मोठ्या काकूंनी नव्वदी गाठली तेव्हा त्यांना काय हवं ते विचारलं. त्या म्हणाल्या, "सत्कार नको, आहेर नको. सगळ्यांना एका पंगतीला बसलेलं बघायचंय मला."

मग बेत ठरला. जानेवारीतला रविवार. सकाळी दहाला जमायचं, न्याहारी आणि जेवण मिळून एकच सावकाश पंगत करायची आणि उन्हं कलायच्या आत निघायचं. मुक्काम ठेवला की खोल्या, अंथरुणं, कोण कुणाबरोबर राहणार हे प्रश्न येतात आणि त्यात निम्मे लोक गळतात. सकाळच्या जेवणाला मात्र शाळेची मुलं असलेले येतात, दुकान सांभाळणारे येतात, गुडघे दुखणारेही येतात. जागा वाईच्या आसपासच हवी, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. आजोबांचं गणपती आळीतलं घर कधीच विकलं गेलं, पण ओढ अजून तिथलीच आहे. शिवाय वाई सगळ्यांच्या सोयीची. पुण्याहून खंबाटकी उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. पुण्यापासून वाईपर्यंतचं अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. बेळगावकर साताऱ्याकडून पाचवडवरून येणार. जागा बघून ठरवायचं काम दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याची इंजिनिअर लेक आणि मी अशा तिघांकडे आलं.

निघण्याआधी घराघरांत फोन करून अपेक्षा विचारल्या. तरुण मंडळींचं एकच म्हणणं होतं, जागा देखणी हवी, फोटो चांगले आले पाहिजेत. मधल्या पिढीला गाड्या लावायला जागा आणि स्वच्छ संडास हवे होते. वडीलधाऱ्यांनी काहीच मागितलं नाही, म्हणून त्यांच्या गरजा आम्हीच लिहून काढल्या: पायऱ्या कमी, बसायला पाठीच्या खुर्च्या, कमोड, सावली, आणि वाऱ्याचा फार मारा नको.

पहिल्यांदा अर्थातच पाचगणीला गेलो. वाईतून पसरणी घाट सुरू होतो तो थेट पाचगणीच्या पठारावर नेऊन सोडतो. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. आपलं राज्यगीत त्यांच्याच आवाजात घराघरांत पोचलं. घाटाच्या प्रत्येक वळणावर खोरं थोडं थोडं उलगडत जातं: आधी वाईची कौलं आणि नव्या इमारती, मग कृष्णेची वळणं, मग धोम धरणाचं पाणी, आणि त्याच्यामागे कमळगड. पाचगणी समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळी तिथे चांगलीच थंडी असते. टेबललँड म्हणजे लाव्हाच्या थरांवर तयार झालेलं जांभ्या दगडाचं सपाट पठार. तिथून दिसणारा देखावा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

कड्याला लागूनच हिरवळ असलेलं एक हॉटेल आम्ही बघून ठेवलं होतं. टेबलं मांडलेली होती, सिल्व्हर ओकची झाडं सळसळत होती, समोर सगळं खोरं पसरलेलं. दादाची लेक म्हणाली, "हेच घ्या." आम्ही तिथे चहा घेत तासभर बसलो. त्या तासात आजूबाजूला आलेली कुटुंबं मी बघत होते. मोठमोठे घोळके होते, आमच्यासारखेच. आल्याबरोबर सगळे कठड्याशी जाऊन एका ओळीत उभे राहत, दरीकडे तोंड करून. मुलांच्या आयांनी मुलांचे हात घट्ट धरलेले. म्हाताऱ्या माणसांना वारा सोसेना, म्हणून त्यांना आत काचेमागे नेऊन बसवलेलं. देखावा इतका मोठा होता की माणसं एकमेकांकडे बघतच नव्हती.

जागा निवडायची ती कशाने, हे मला तिथे कळलं. डोंगर कितीही सुंदर असो, आपल्याला तो पाठीमागे हवा. समोर काकू दिसायला हवी, आत्या दिसायला हवी, कधी न भेटलेली न्यू जर्सीची पुतणी दिसायला हवी. पुढच्या प्रत्येक ठिकाणी आम्ही हाच प्रश्न विचारत गेलो: इथे माणसं तोंड कुठे करून बसतील?

घाट उतरून धोमला गेलो. वाईपासून आठेक किलोमीटरवरचं हे गाव. तिथलं महादेवाचं देऊळ आवर्जून बघावं. देवळासमोरच्या दगडी हौदात मोठं कासव कोरलेलं आहे आणि त्याच्या पाठीवरच्या मंडपात नंदी बसला आहे. हौद भरलेला असला की नंदीला घेऊन कासव पाण्यात तरंगतंय असं वाटतं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी शाळेच्या सहलीत ते पाहिलंय. धरणाच्या पाण्याकाठचा देखावाही उत्तम आहे. पण काठावर सावली म्हणाल तर नाही. पाणी जसजसं उतरतं तसतसा मातीचा उघडा पट्टा मागे राहतो, त्यावरून म्हाताऱ्या माणसांनी चालायचं कसं? शिवाय धरणाचं पाणी खोल. लहान मुलं असलेल्या घरानं अशा काठाशी पंगत मांडली, की चार माणसांचा सगळा दिवस मुलांवर नजर ठेवण्यात जातो. धोम आम्ही दर्शनापुरतं ठेवलं.

मेणवलीनं मात्र आमचा निश्चय डळमळवला. वाईपासून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाड्याच्या मागच्या बाजूनं नदीकडे उतरलं की घाट येतो. चंद्रकोरीसारख्या वळणाच्या काळ्या दगडी पायऱ्या, वर मेणेश्वराचं देऊळ आणि शेजारी एका छोट्या बांधणीत टांगलेली भली मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाच्या विजयात आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल अजून स्पष्ट दिसतं. शंकराच्या देवळाशेजारी मेरीची घंटा सुखानं नांदते आहे. 'स्वदेस' चित्रपटातला घाट हाच, म्हणून तरुण पोरांनाही तो ओळखीचा.

घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही सकाळी दहाला बसून पाहिलं. नदीचं पाणी संथ होतं, पलीकडे झाडी होती. पण काळा दगड बघता बघता तापतो आणि पायऱ्यांवर बसलेले सगळे नदीकडे तोंड करून बसतात, खालच्याची पाठ वरच्याला. शिवाय अडीचशे वर्षांच्या आसपासची ही वास्तू. तिथे चुली पेटवणं, पत्रावळी टाकणं कुणाही शहाण्या माणसाला पटणार नाही. मेणवली बघायला लहान लहान गटांत जावं, चपला काढून बसावं, आणि जसं होतं तसं सोडून यावं. आम्ही तेच ठरवलं: जेवणानंतर ज्यांना जमेल त्यांनी मेणवलीला जायचं.

राहता राहिली वाई. कृष्णेवर सात घाट असलेलं हे गाव. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय आमच्याकडे कुठलंच कार्य सुरू होत नाही. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. गणपती एकाच दगडातला, दहा फूट उंच. पण या देवळाची खरी करामत मागच्या बाजूला आहे. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. पुराचं पाणी येऊन तिच्यावर आदळतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. अडीचशेहून अधिक वर्षांचे पूर अंगावर घेऊन देऊळ उभं आहे. दादाच्या लेकीनं त्या भिंतीवरून हात फिरवला आणि ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

जानेवारी-फेब्रुवारीत वाईचे घाट कृष्णाबाईच्या उत्सवासाठी सजतात. एका घाटाचा उत्सव झाला की दुसऱ्याचा. मांडव पडतात, कीर्तनं होतात, प्रसादाच्या पंगती बसतात. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. गावाच्या उत्सवाच्या दिवसांत घाटावर घरची पंगत मांडणं बरं नाही. काकूंना सकाळी दर्शनाला आणायचं, एवढं मात्र तिथेच पक्कं केलं.

शेवटी जागा सापडली ती वाईच्या पश्चिमेला, नदीपासून थोड्या अंतरावर, एका शेतकऱ्याच्या शिवारात. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. अशी शेतं आता सातारा जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. कुठे खोल्या आहेत, कुठे नुसतंच दिवसभराचं जेवण. या शेतात जुनी आमराई होती, तिच्या एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला हळदीचं रान. उत्तरेला पांडवगड, नैर्ऋत्येला पाचगणीच्या पठाराची लांबलचक भिंत, पश्चिमेला कमळगड. वरून खोरं बघितलं होतं, आता आम्ही त्याच्या तळाशी उभे होतो आणि डोंगर चहूबाजूंनी वर गेलेले.

शेताचे मालक साठीचे. त्यांनी आधी देखावा दाखवला नाही, सावली दाखवली. म्हणाले, "पाव्हणं, हितं धा वाजता सावली असती ती दीड-दोनपतूर हलत न्हाई. त्या पलीकडच्या झाडाखाली मात्र बारा वाजता ऊन येतं. म्हाताऱ्या मान्सास्नी हितं बसवा." मग दुसरी गोष्ट दाखवली, ती मला कुणी सांगितली नव्हती. त्यांनी एकेका झाडाच्या शेंड्याकडे बोट केलं. आग्या मोहोळ कुठे आहे का, हे ते रोज बघतात. चुलीचा धूर लागला की आग्या माश्या खवळतात आणि मग पळता भुई थोडी होते. गडांवर, कड्यांवर, जुन्या देवळांच्या शिखरांवर अशी मोहळं असतात. उघड्यावर चूल पेटवणाऱ्या प्रत्येकानं आधी मान वर करून बघावं.

सकाळचं ऊन हाही एक हिशेब निघाला. पाचगणीची भिंत वाईकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी तिच्यावर ऊन पडतं आणि प्रत्येक घळ, प्रत्येक कातळ सुटा दिसतो. संध्याकाळी तीच भिंत काळपट, सपाट होते. दहा ते बारा हे तासच तिथे पंगतीचे. दादाच्या लेकीनं जमिनीवर काठीनं गोल आखला. गोलातल्या कुठल्याही खुर्चीतून समोर माणसं दिसत होती आणि त्यांच्या खांद्यांवरून डोंगर.

बाकीच्या गोष्टी एकेक करून बघितल्या. संडास स्वच्छ, एक कमोडचा, तिथवरची वाट सपाट. मोठी बस वळवायला खळ्याची जागा पुरेशी. पाणी बोअरचं, पण पिण्यासाठी जार मागवायचे ठरले. लाऊडस्पीकर नको, हे मालकांनीच सांगितलं आणि आम्हालाही तेच हवं होतं. स्वयंपाक गावातल्या बचत गटाच्या बायका करणार. त्यांच्यातल्या एका ताईंनी विचारलं, "हुरडा ठेवायचा ना?" तिथे सगळा बेतच नक्की झाला.

जानेवारीतल्या सकाळचं आपल्याकडचं खरं जेवण हुरड्याचंच. ज्वारीचं कणीस दाणा भरलेला पण कोवळा असताना तोडायचं. हुरड्यासाठी वाण वेगळा लागतो. सुरती, गुळभेंडी ही जुनी नावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेले फुले उत्तरा आणि फुले मधुर हे अलीकडचे. प्रत्यक्ष पंगतीच्या दिवशी हुरडा भाजण्याची करामत मी आगटीशी उकिडवी बसून पाहिली. जमिनीत उथळ खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवून निखारा केलेला. निखारा वरून राखाडी दिसतो, आत लाल. एक म्हातारबाबा चार-पाच कणसं देठाला धरून त्या राखेत खुपसत. फार वेळ नाही, कणसाचा रंग हिरव्यावरून पिवळसर झाला आणि खमंग वास आला की बाहेर. मग कणीस गरम असतानाच गोणपाटावर दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं. दाणे टपटपतात, कोंडा वेगळा होतो, सुपात घेऊन एक हलकी फुंकर, आणि हिरवेगार, वाफाळते, मऊ दाणे द्रोणात. बाबांच्या तळव्यांना चटका जाणवतच नव्हता. हुरडा गार झाला की चिवट होतो, त्यामुळे त्याची रास करून ठेवता येत नाही. कणसं निघत राहतात, चोळणारे चोळत राहतात, आणि माणसं आगटीभोवती कोंडाळं करून वाट बघतात. वाट बघता बघता बोलतात. इंदूरचे काका आणि बेळगावचे काका असे आगटीशेजारी बसून घराच्या जुन्या विहिरीबद्दल बोलत होते. अशा निवांतपणे ते पूर्वी केव्हा बोलले असतील, कोण जाणे.

हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, रेवड्या. मग पंगत: थालीपीठ आणि लोणी, बाजरीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, खरडा, आमटी-भात, शेवटी गुळपोळी आणि तूप. मुलांसाठी भिलारकडून सकाळी तोडून आणलेल्या स्ट्रॉबेऱ्यांची टोपली. भरपेट खाऊनही कुणी सुस्तावलं नाही, कारण खाणं तीन तासांत पसरलेलं होतं.

काकूंना आम्ही सकाळी गणपतीचं दर्शन घडवून आणलं होतं. देवळापाशी त्यांनी मागच्या भिंतीला हात लावला आणि सांगितलं, त्यांच्या लग्नाच्या वर्षी पुराचं पाणी देवळाच्या पायऱ्यांवर आलं होतं. आमराईत त्या गोलाच्या बरोबर मध्यावर नाही, तर पहिल्या सावलीच्या झाडाखाली बसल्या, म्हणजे येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यापाशी थांबे. हुरडा मऊ, त्यामुळे त्यांना खाता आला. न्यू जर्सीच्या पुतणीची मुलं त्यांच्या शेजारी मातीत बसून कणसं सोलायचा प्रयत्न करत होती आणि काकू त्यांना दाणे कसे काढायचे ते दाखवत होत्या. एकमेकांची भाषा दोघांनाही अर्धी अर्धीच समजत होती, पण कणीस दोघांच्याही हातात होतं.

जेवणानंतर गाणी झाली, आजोबांच्या आठवणी झाल्या, घराण्याची वंशावळ एका मोठ्या कागदावर लिहून झाडाला टांगली होती, तिच्यावर मुलांनी आपापली नावं शोधली. तरुणांना हवे होते तसे फोटोही निघाले. त्या फोटोंत डोंगर आहेत, पण सगळ्यांच्या मागे. पुढे माणसं आहेत, हसणारी, तोंडात घास असलेली. पाचगणीच्या कठड्यावर काढलेल्या फोटोंपेक्षा हे चांगले आले, असं आता तीच पोरं म्हणतात. दुपारी तीनच्या सुमारास बेळगावकर पाचवडच्या रस्त्याला लागले. काही मेणवलीला गेले, काही थेट घरी. पत्रावळी शेणखताच्या खड्ड्यात गेल्या, प्लास्टिकचं नाव नव्हतं, त्यामुळे शिवार होतं तसं मागे राहिलं.

ज्यांच्या घरात असा बेत शिजत असेल, त्यांना माझं आवर्जून सांगणं आहे. जागा छायाचित्रांवरून ठरवू नका. नकाशावर रेघ ओढा, सगळ्यांना पोचता येईल असा मधला टप्पा शोधा. शक्यतो थंडीचे महिने निवडा. जिथे घराण्याचं मूळ आहे, त्या गावच्या आसपास आधी बघा. वडीलधारी माणसं तिथे आपोआप बोलती होतात. देऊळ, घाट, वाडा यांच्या अंगणात पंगत मांडू नका, तिथे दर्शनाला जा. शेतावर गेलात तर शेतकऱ्याचं ऐका. सावली, वारा, पाणी आणि मोहोळ यांची माहिती त्याच्याइतकी कुणाला नसते. स्वयंपाक गावातल्या बायकांना द्या, चव आणि पैसा दोन्ही गावात राहतील.

आणि जागा नक्की करण्याआधी, ज्या वेळी पंगत बसणार त्याच वेळी तिथे जा. चटई टाका, बरोबर आलेल्यांना समोर बसवा आणि अर्धा तास तसेच बसून राहा. समोर आपली माणसं दिसली आणि त्यांच्या मागे डोंगर दिसला, तर फार विचार करू नका, त्याच दिवशी इसार देऊन टाका.